दीप, छाया आणि कथा

गेल्या कांहीं वर्षांत मोठ्या शहरांतील रसिकांस एका नव्या कलेचा परिचय होऊं लागला आहे. अंधारलेल्या दालनांत किंवा भर चौकांत दिवे, पडदे, आरसे आणि छाया ह्यांची योजना करून एखाद्या काव्यांतील अथवा कथेंतील कल्पना केवळ उजेडानें उभी करावयाची, आणि प्रेक्षकानें तिच्यामधून हिंडत तिचा अनुभव घ्यावयाचा, असें तिचें स्वरूप आहे. मराठींत तिला सर्वमान्य असें नांव अद्याप मिळालेलें नाहीं. ह्या लेखापुरतें आम्ही तिला प्रकाशरचना म्हणूं. ही कला पश्चिमेकडून आली, असें तिचे चाहते म्हणतात आणि तिचे निंदकही म्हणतात. एकांस तें भूषण वाटतें, दुसऱ्यांस दूषण. दोघांचेंही म्हणणें एकदां तपासून पाहावें, अशी बुद्धि आम्हांस एका खेडेगांवांत झाली. तो प्रसंग आधीं सांगतों.

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवर शहापूर हें गांव आहे. दिवाळी सरली, कीं झाडीपट्टींत गांवोगांवीं मंडई भरते. दिवसा दुकानें आणि पाहुणेमंडळी, रात्रीं दंडार किंवा नाटक, असा तिचा थाट असतो. एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही त्या दिवसांत शहापुरास उतरलों होतों. संध्याकाळीं फिरावयास निघालों असतां रस्त्याच्या कडेस विजेच्या रंगीत दिव्यांची एक भली मोठी आकृति उभारलेली दिसली. वर तीन दुर्ग, खालीं रथ, रथांत धनुर्धर, आणि क्षणोक्षणीं उजळत वर धांवणारा बाण. त्रिपुरदहनाचा प्रसंग आम्हीं ओळखला. रचनाही कुशल हातांची होती. शेजारींच बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका लहान मुलानें विचारलें, "बाबा, हे तीन वाडे कोनाचे?" बाप क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "दिवे पाय, दिवे." मुलानें दिवे पाहिले. थोड्याच वेळांत तो जांभया देऊं लागला आणि बापलेक पुढें निघून गेले.

त्या बापाचें घुटमळणें आमच्या मनांतून जाईना. त्यास हंसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. कारण आमच्या स्वतःच्या घरांतील मुलांनीं हाच प्रश्न केला असता, तर उत्तर देण्यास आमच्यापैकीं किती जण तयार होते? परंतु त्यामुळें एक निराळाच प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. ज्या समाजास कथा ठाऊक आहे त्याच्यापुढें दिवा लावणें, आणि ज्यास ती ठाऊक नाहीं त्याच्यापुढें दिवा लावणें, हीं दोन कृत्यें एकच आहेत काय?

ज्या कथेची ती आकृति होती, ती आपल्या वाङ्मयांत फार जुनी आहे. महाभारताच्या कर्णपर्वांत ती विस्तारानें आली आहे आणि पुराणांनीं ती पुन्हा पुन्हा सांगितली आहे. तारकासुराच्या तीन पुत्रांनीं सोन्याचें, रुप्याचें आणि लोखंडाचें अशीं तीन नगरें मिळविलीं. तीं नगरें संचार करीत असत आणि सहस्र वर्षांनीं एकदांच एकत्र येत. त्या क्षणीं एका बाणानें तिन्हींचा भेद करील, त्याच्याच हातून असुरांचा नाश व्हावयाचा होता. शंकरानें तो क्षण साधला. भरताच्या नाट्यशास्त्रांत सांगितलें आहे, कीं हिमालयावर शंकरापुढें जो प्रयोग करून दाखविला, तो ‘त्रिपुरदाह’ नांवाचा डिम होता. अर्थात् आपल्या परंपरेनें ज्यांचीं नांवें स्मरणांत ठेविलीं अशा अगदीं पहिल्या प्रयोगांतील एक ह्याच कथेचा आहे. पुढें वेरूळच्या शिल्पकारांनीं दशावतार लेण्यांत आणि कैलास लेण्यांत तीच कथा पाषाणांत कोरली. परंतु ज्यानें नाट्यशास्त्र वाचलें नाहीं आणि वेरूळ पाहिलें नाहीं, अशा सामान्य मराठी माणसास ही कथा दिव्यांत भेटली, आणि ती कार्तिकी पौर्णिमेच्या रात्रीं, देवळाच्या दीपमाळेवर भेटली.

दीपमाळेकडे आपण रोज पाहतों, म्हणून तिची नवलाई आपणांस वाटत नाहीं. भक्कम चौथरा, त्यावर निमुळता होत जाणारा दगडी स्तंभ, आणि त्याच्या सर्व अंगांनीं ओळीनें बाहेर काढलेले दगडी हात. त्या हातांवरच पाय देत मनुष्य वर चढतो आणि प्रत्येक हातावर एक पणती ठेवितो. जेजुरीचा गड चढतांना अशा दीपमाळा इतक्या लागतात, कीं डोळा त्यांस सरावून जातो. वर्षांतील बहुतेक दिवस हा स्तंभ मुका असतो. त्यावर पाखरें बसतात, पावसाचें पाणी निथळतें. मग एका रात्रीं पायथ्यापासून शेंड्यापर्यंत ज्योति लागतात, दगड अंधारांत नाहींसा होतो, आणि अधांतरीं जळणारें असें कांहीं तरी डोळ्यांपुढें उभें राहतें. ज्या कलेस आज आपण नवी म्हणतों, तिचीं सारीं अंगें येथें आहेत: योजलेला अंधार, मोजून ठेविलेला उजेड, भोंवतीं फिरणारा प्रेक्षक, आणि पहाटे विझून जाणारी कृति. मात्र एक गोष्ट येथें आहे, जी रस्त्यावरील त्या आकृतींत नव्हती. दीपमाळेवर दुर्ग नाहीं, रथ नाहीं, बाण नाहीं. चित्र म्हणून कांहींच नाहीं. तरी पाहणारास त्रिपुर दिसे. कारण कार्तिकभर पुराणिकानें तें त्याच्या कानांत घातलेलें असे.

शहापुराहून फार दूर नसलेल्या रामटेकच्या टेकडीवर ह्याच पौर्णिमेस मोठी यात्रा भरते आणि रात्रीं देवळाच्या माथ्यावर त्रिपुर पेटवितात. टेकडी उंच असल्यामुळें तो उजेड आजूबाजूच्या गांवांतून दिसतो. ह्या टेकडीचें वाङ्मयाशीं नातें आणखी एका प्रकारें जडलेलें आहे. मेघदूतांतील यक्ष ज्या रामगिरीवर शापाचे दिवस कंठीत होता, तो म्हणजे रामटेकच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं प्रतिपादिलें. टीकाकार मल्लिनाथानें रामगिरि म्हणजे चित्रकूट असा अर्थ दिला आहे. परंतु जवळच नगरधन येथें वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी होती, आणि द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या व वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ऋद्धपूर येथील ताम्रपटांत रामगिरिस्वामीच्या चरणांचा निर्देश आहे, ह्या गोष्टी मिराशींच्या पक्षास बळ देतात. आम्हांस येथें सांगावयाचें तें इतकेंच, कीं त्या काव्यांत उजेड फार आहे. अलकानगरींतील रत्नदीप लाजलेल्या स्त्रियांनीं मूठभर चूर्ण फेंकूनही विझत नाहींत. यक्षपत्नीच्या घरांत डोकावतांना मेघानें आपली वीज काजव्यांच्या रांगेइतकी मंद करावयाची आहे. आणि उज्जयिनींत रात्रीं प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांस विजेनें वाट दाखवावयाची, परंतु गर्जून त्यांस भिववावयाचें नाहीं, असें यक्ष मेघास बजावतो. आमच्या हल्लींच्या उत्सवांतील रोषणाई करणारांनीं हें एक बजावणें जरी ऐकलें, तरी कालिदासाचे उपकार होतील!

त्रिपुराच्या कथेचें दिव्यांतील सर्वांत सुंदर रूप पाहावयाचें असेल, तर गोमंतकांत जावें. साखळीजवळ विठ्ठलापूर येथें वाळवंटी नदीच्या पात्रांत त्रिपुरारी पौर्णिमेस दिव्यांनीं उजळलेल्या नावा सोडतात. कागद, बांबू इत्यादि साहित्यांतून मोठ्या हौसेनें रचलेल्या ह्या नावांची स्पर्धा असते. पाण्यावर एक नाव आणि पाण्याखालीं तिचें प्रतिबिंब, अशी दुहेरी रांग चालत जाते. परंतु ह्या उत्सवाचें मर्म आम्हांस त्या नावांत दिसत नाहीं. त्याच रात्रीं तेथें त्रिपुरासुरवधाचा प्रसंगही सोंगें आणून साजरा करितात, ह्यांत तें आहे. दिव्यांनीं डोळे दिपले, तरी हा उत्सव कशाचा हें लहान मुलासही त्यामुळें विसरतां येत नाहीं. विठ्ठलापूरकरांनीं दिवा आणि कथा ह्यांची फारकत होऊं दिलेली नाहीं.

येथवर दिवा हा कथेची आठवण करून देणारी खूण होता. आतां ज्या खेळांत दिवा स्वतःच चित्र काढूं लागला, त्यांकडे वळूं.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर आदिवासी समाजानें चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या हे तिन्ही प्रकार पिढ्यान् पिढ्या संभाळले. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांस आश्रय होता. बाराव्या शतकांत सोमेश्वरानें रचलेल्या मानसोल्लासांत चित्रकथकाचा उल्लेख सांपडतो, त्यावरून चित्र दाखवून कथा सांगण्याची ही चाल किती जुनी आहे, हें ध्यानांत येईल. चित्रकथी आपल्या चित्रांच्या गठ्ठ्यास ‘पोथी’ म्हणतो. त्यांत चित्रें आहेत, मजकूर नाहीं. तो मजकूर त्याच्या कंठांत आहे. तरीही तो तिला पोथीच म्हणतो, आणि त्याचें बरोबरच आहे असें आम्हांस वाटतें.

चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ह्याच्या एक पाऊल पुढें जातो. पांढरा पडदा, त्यामागें तेलाचा दिवा, आणि दिवा व पडदा ह्यांच्यामध्यें कातड्याचे कातरलेले राम, रावण, मारुति. बाहुली पडद्याशीं टेकविली म्हणजे छाया रेखीव पडते. दिव्याकडे नेली म्हणजे ती मोठी आणि धूसर होते. ज्योत वाऱ्यानें हलली, तर स्थिर धरलेल्या बाहुलीचीही छाया कांपते आणि ती श्वास घेत आहे, असा भास होतो. विजेच्या दिव्यास ही किमया साधत नाहीं, कारण तो हलत नाहीं. परंतु सारी किमया ज्योतींतच आहे, असें समजणें चुकीचें होईल. पडद्यामागून सूत्रधार बोलतो, गातो, रावणाचा आवाज काढतो आणि सीतेचाही काढतो. त्यानें तोंड मिटलें, तर पडद्यावर कातड्याचे तुकडे उरतात. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे ह्यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली आणि ह्या कलेचें नांव पुष्कळांच्या कानांवर गेलें. त्यांच्या घराण्यानें बाहुल्यांचें संग्रहालय उभारलें, हें फार चांगलें झालें. पण त्याहून चांगलें हें, कीं त्याबरोबर त्यांनीं खेळही चालू ठेविला.

आतां एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊं. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स ह्यानें १६५९ च्या सुमारास एक कंदील तयार केला होता. आंत दिवा, पुढें भिंग, आणि मध्यें चित्र रंगविलेली काच. काच उलटी घातली म्हणजे समोरच्या भिंतीवर चित्र सुलटें आणि कितीतरी मोठें होऊन पडे. युरोपांत ह्या जादूच्या कंदिलानें अडीच शतकें लोकांस रिझविलें. अठराव्या शतकाच्या शेवटीं पॅरिसमध्यें रॉबर्टसन नांवाच्या गृहस्थानें त्यावर भुतांचे खेळ करून प्रेक्षकांची भीतीनें गाळण उडविली. तोच कंदील कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांच्या हातीं आला, तेव्हां त्यांनीं भुतें दाखविलीं नाहींत. १८९२ च्या सुमारास त्यांनीं जे खेळ सुरू केले, त्यांत रामायणांतील आणि पुराणांतील प्रसंग होते. ह्या खेळास त्यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ असें नांव दिलें. शंबर हा मायावी असुर. त्याची माया ती शांबरी. आणि खरोलिका म्हणजे कंदील. परक्या यंत्रास आपल्या पुराणांतील नांव देऊन घरांत घेण्याचें हें धैर्य आणि हा भाषाभिमान पाहून आम्हांस कौतुक वाटतें. वाचकांपैकीं कित्येकांस हें नांव अवघड वाटेल. परंतु तें एकदां जिभेवर रुळलें, कीं विसरत नाहीं.

ह्या उद्योगांत पटवर्धनांचे पुत्रही त्यांच्या हाताखालीं तयार झाले. काचांवरील चित्रें हातानें रंगविलेलीं असत. तळहातावर मावणाऱ्या काचेवर काढलेली बारीकशी चूक पडद्यावर हातभर होते, म्हणून ह्या कामास चित्रकाराची नजर आणि सोनाराचा हात लागे. एक काच दुसरीवरून सरकविली, अथवा एका कंदिलाचा उजेड मंद करीत दुसऱ्याचा वाढविला, म्हणजे चित्र हललेंसें वाटे, एक देखावा विरून त्याच जागीं दुसरा उमटे. आणि हें सर्व चाललें असतां निवेदन आणि संगीत ह्यांची साथ असे. कंदील युरोपाचा होता. परंतु एकामागून एक चित्रें लावीत कथा सांगणें ही चित्रकथ्याची जुनीच रीत होती, आणि अंधारांत बसून उजेडाच्या आकृति पाहणें हें पिंगुळीच्या पडद्यापुढें बसणारास नवें नव्हतें. यंत्र नवें, पण बैठक जुनी, अशी ही गोष्ट आहे.

१८९६ च्या ७ जुलै रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविलीं गेलीं. तेथून पुढें कंदिलाचे दिवस भरत आले, तरी शांबरिक खरोलिकेचे खेळ त्यानंतरही पुष्कळ वर्षें चालू होते. १९१३ च्या ३ मे रोजीं दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. फाळके हे छायाचित्रण जाणणारे, चित्रांचे ठसे करणारे आणि ‘प्रोफेसर केल्फा’ ह्या नांवानें जादूचे प्रयोगही करणारे होते. आपल्या पहिल्या चित्रपटासाठीं त्यांनीं पुराणांतील कथा निवडली, ह्याचें कारण केवळ त्यांची धर्मबुद्धि असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. मुक्या चित्रपटास बोलतां येत नाहीं. म्हणून जी कथा प्रेक्षकांनीं घरींच ऐकलेली आहे, तीच त्यानें सांगावी, हें उघड शहाणपण त्यांत होतें. कीर्तनकारांनीं आणि आज्यांनीं जी पेरणी शेंकडों वर्षें केली, तिचें पीक त्या पडद्यानें काढलें.

पटवर्धनांच्या पुष्कळशा काचा त्यांच्या वंशजांनीं आस्थेनें जपल्या आहेत. रंगही आश्चर्य वाटावें इतके ताजे आहेत, असें त्या पाहणारे सांगतात. परंतु काच टिकते, तशी वाणी टिकत नाहीं. कोणत्या चित्रापाशीं थांबावयाचें, कोठें आवाज खालीं आणावयाचा, कोठें मुलांनीं हंसावें म्हणून एखादें पदरचें वाक्य घालावयाचें, हें काचेवर लिहिलेलें नसतें. त्याचा वारसा माणसाकडून माणसाकडेच जातो, आणि मध्यें एक पिढी गप्प बसली, कीं तो तुटतो.

आतां ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कलेस कथेची कुबडी हवीच कां? मूल त्या दिव्यांकडे पाहून क्षणभर हरखलें, एवढें पुरेसें नाहीं काय? संगीतांतील आलापास अर्थ नसतो, म्हणून तो कमी ठरत नाहीं. मग उजेडासच अर्थाची सक्ती कां? आम्हांस हा आक्षेप मान्य आहे. जो कलावंत केवळ प्रकाशाची रचना करितो, त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. सूर्यास्त पाहतांना आम्हीही भाष्य मागत नाहीं. परंतु जो कलावंत त्रिपुर उभें करितो, मेघ उभा करितो, किंवा एखाद्या कवीच्या प्रतिमेवर आपली रचना आधारितो, त्यानें स्वतः होऊन वाङ्मयाशीं नातें जोडलेलें असतें. त्यानें कथेचें तेल घेतलें आहे. वात मात्र कोरडी ठेवून चालणार नाहीं. फ्रान्समध्यें शांबोरच्या राजवाड्यावर १९५२ सालीं प्रकाश आणि ध्वनि ह्यांचा पहिला खेळ झाला आणि आपल्या दिल्लीच्या लाल किल्ल्यांत १९६५ पासून तसा खेळ सुरू झाला. नव्या यंत्रयुगांतील त्या योजकांसही भिंतींवर नुसता उजेड पाडून भागलें नाहीं. त्यास बोलत्या शब्दाची जोड द्यावीच लागली. ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तेव्हां प्रकाशरचना पश्चिमेकडून आली कीं काय, ह्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. भिंगें, वीज आणि यंत्रें आलीं, आणि तीं आलीं हें चांगलेंच झालें. पटवर्धनांनीं त्यांचें स्वागत केलें, आपणही करावें. परंतु अंधारांत उजेडानें कथा उभी करण्याची हौस येथलीच आहे, आणि त्या उजेडाशेजारीं सांगणारा माणूस बसविण्याची रीतही येथलीच आहे. पहिली गोष्ट आपण ठेविली आहे; दुसरी हातची जाऊं पाहत आहे.

त्या रात्रीं शहापुरास आम्ही दंडार पाहावयास बसलों. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांच्यासारख्यांनीं ज्या लोककलेकडे सुशिक्षितांचें लक्ष वेधलें, ती ही दंडार पूर्वीं टेंभ्यांच्या उजेडांत होई. आतां विजेचे दिवे असतात. खेळास अवकाश होता. आमच्याजवळ एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तरुणपणीं त्यांनीं दंडारींत सोंगें घेतलेलीं होतीं. रस्त्यावरच्या त्या आकृतीविषयीं आम्हीं त्यांस विचारलें. त्यांनीं आम्हांस उत्तर देण्याऐवजीं भोंवतालच्या पांचसात पोरांस जवळ ओढलें आणि आपल्या बोलींत त्रिपुराची गोष्ट सुरू केली. महाभारताशीं ती सर्वस्वीं जुळत होती, असें म्हणवत नाहीं. त्यांच्या गोष्टींत सोन्याचें नगर आकाशांत होतें, रुप्याचें रामटेकच्या टेकडीवर होतें, आणि लोखंडाचें नगर वैनगंगेच्या कांठीं असून तेथला असुर गांवकऱ्यांचें धान मोजतांना माप मारीत असे. पोरें तल्लीन झालीं. बाण सुटला तेव्हां एकानें मागें वळून रस्त्याकडे बोट दाखविलें. झाडांच्या फटींतून तीन दुर्ग अजून लुकलुकत होते.

संध्याकाळचा तो बाप आणि त्याचा मुलगा त्या घोळक्यांत असतील, म्हणून आम्हीं पाहिलें. ते नव्हते. इतक्यांत ढोलकीवर थाप पडली, म्हाताऱ्यांनीं गोष्ट आवरती घेतली, आणि पोरें पुढें जागा धरण्यास धांवलीं.